केएसझेड ८८६३ आरएलएल : मशीनला मशीन जोडणारी तीन पोर्टांची स्विच चिप

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या शॉपमध्ये ओळीनं वीस सीएनसी लेथ उभ्या आहेत आणि प्रत्येकीच्या पॅनेलमध्ये उत्पादन मोजणारं एक छोटं कार्ड बसवायचं आहे, असं धरा. पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा नसतो, केबलचा असतो. प्रत्येक कार्डापासून ऑफिसातल्या स्विचपर्यंत वेगळी केबल ओढली तर वीस केबली एकाच ट्रेमधून जाणार, आणि त्या ट्रेमध्ये आधीच मोटरच्या, व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबली लोळत असतात. त्यापेक्षा कार्डालाच दोन जॅक द्यावेत, एकातून आत, दुसऱ्यातून पुढच्या मशीनला, अशी माळ ओवत न्यावी हे बरं. मायक्रोचिपची केएसझेड ८८६३ आरएलएल नेमकी याच कामाची आहे. तीन पोर्टांची स्विच. दोन पोर्ट जॅककडे, तिसरा तुमच्या प्रोसेसरकडे.

निकाल आधीच सांगतो. चिप चोख आहे, घ्यावी. पण प्रोसेसरशी जोडताना तीन जागी पाणी मुरतं: क्लॉक कोण देणार, पॉवर येताना पिना कुठल्या पातळीवर आहेत, आणि लिंकबद्दल प्रोसेसरला काय सांगायचं. बोर्ड चालत नाही म्हणून चिप बदलणारे पुष्कळ. दोष बहुतेक वेळा या तिन्हीपैकी एकात असतो.

आधी चिपमध्ये काय आहे ते. दहा आणि शंभर मेगाबिटची दोन फाय (केबलवर प्रत्यक्ष सिग्नल पाठवणारा-घेणारा भाग) आतच आहेत, म्हणजे जॅक आणि ट्रान्सफॉर्मर लावला की बाहेर वेगळी फाय लावायला नको. सरळ-उलटी केबल ती स्वतः ओळखते. १०२४ मॅक पत्ते लक्षात ठेवते, १६ व्हीलॅन, प्रत्येक पोर्टाला चार प्राधान्य-रांगा. नावाच्या शेवटची अक्षरं नीट बघून मागवा: आरएलएल म्हणजे प्रोसेसरशी आरएमआयआय ही कमी वायरींची जोडणी, एमएलएल म्हणजे एमआयआय ही जास्त वायरींची, एफएलएल फायबरवाली. बेंगळूरहून पार्सल यायचं आणि आत एमएलएल निघायची, तर तुमच्या बोर्डावर तिचा काही उपयोग नाही.

प्रोसेसरमध्ये दोन इथरनेट मॅक (फायमार्फत डेटा पाठवणारा-घेणारा भाग) असतील, उदाहरणार्थ एनएक्सपीच्या आय.एमएक्स ६ यूएलएलमध्ये असतात, तर कुणीही विचारेल की दोन साध्या फाय लावून सॉफ्टवेअरमध्ये ब्रिज का करू नये. करता येतो. फक्त प्रोसेसर हँग झाला, रीबूट झाला किंवा कुणी नवं फर्मवेअर टाकत बसला, की त्या कार्डाच्या पुढच्या सगळ्या मशीन नेटवर्कवरून गायब होतात. हार्डवेअर स्विचमध्ये तसं होत नाही. कार्डाला वीज आहे तोवर एका जॅकमधून आलेली फ्रेम (डेटाचं पाकीट) दुसऱ्या जॅकमधून जातेच, प्रोसेसर झोपलेला असो की जागा. माळेच्या जोडणीत हा एकच मुद्दा पैसे वसूल करतो.

आता क्लॉक. आरएमआयआयमध्ये डेटाच्या दोन-दोन वायरी आणि ५० मेगाहर्ट्झचं एकच क्लॉक असतं, ते दोन्ही बाजूंना सामाईक. ५० गुणिले दोन, झाले १०० मेगाबिट. हे क्लॉक नेमकं एकानंच द्यायचं. प्रोसेसरवाला समजतो स्विच देईल, स्विचवाला समजतो प्रोसेसर देईल, आणि दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. याच्या उलट, दोघांनी एकाच ट्रेसवर क्लॉक सोडलं की स्कोपवर अर्ध्या उंचीची, पायऱ्या पडलेली लाट दिसते. अशी लाट दिसली तर सोल्डरिंग तपासत बसू नका, दोन आउटपुट एकमेकांशी भांडताहेत.

आमचा सल्ला: क्लॉक स्विचकडूनच घ्या. एक्स-१ आणि एक्स-२ वर २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, ५० पीपीएमच्या आतला. आरईएफसीएलकेओ पिनेवर ५० मेगाहर्ट्झ बाहेर येतं. ते चालू-बंद करणाऱ्या ईएन पिनेला आतच पुल-अप (पिन वरच्या पातळीला ओढणारा रेझिस्टर) आहे, म्हणून ती मोकळी सोडली तर क्लॉक चालूच असतं. पण इथं एक मेख आहे. बाहेर आलेलं हे क्लॉक चिपच्याच आरईएफसीएलकेआय पिनेवर परत आणून द्यावं लागतं. प्रोसेसरला ट्रेस दिला, स्वतःला परत द्यायचा राहिला, तर जॅकचे दिवे लागतात, दोन जॅकांमध्ये पिंगही जातो, फक्त प्रोसेसरपर्यंत काही पोचत नाही. ट्रेस राहूनच गेला असेल तर रजिस्टर १९८ चा बिट ३ एक करून तीच जोडणी चिपच्या आत करता येते. बोर्ड वाचवायला हा मार्ग ठीक. नवा बोर्ड काढताना मात्र बाहेरचा ट्रेसच ठेवा, कारण सॉफ्टवेअर उठायच्या आधी, बूटलोडरमध्येही, नेटवर्क लागतं.

एका आउटपुटातून दोन फांद्या जाणार, एक प्रोसेसरकडे, एक परत चिपकडे. प्रत्येक फांदीला वेगळा ३३ ओहमचा रेझिस्टर, तोही आउटपुट पिनेला चिकटून. मध्ये एकच रेझिस्टर टाकून पुढे टी फोडू नका. आणि क्लॉक प्रोसेसरकडूनच घ्यायचा हट्ट असेल तर तेच ५० मेगाहर्ट्झ चिपच्या एक्स-१ पिनेलाही द्या आणि ईएन पिन खाली ओढा. बाहेरून ५० आणि एक्स-१ वर वेगळा २५ चा क्रिस्टल, ही जोडी नको.

प्रोसेसरच्या बाजूला आय.एमएक्स ६ यूएलएलमध्ये जीपीआर-१ नावाच्या रजिस्टरमधले दोन बिट बघायचे. पहिल्या मॅकसाठी बिट १७ क्लॉकची दिशा ठरवतो, तो शून्य हवा, म्हणजे पिन इनपुट. बिट १३ एक हवा, म्हणजे मॅकचं क्लॉक पिनेवरून घेतलं जाईल. एनएक्सपीच्या नमुना बोर्डावर क्लॉक प्रोसेसर देतो, आणि बहुतेकजण त्याच बोर्डाची डिव्हाइस ट्री (लिनक्सला बोर्डाचं हार्डवेअर सांगणारी फाइल) उचलून आपली सुरू करतात. मग वर सांगितलेली पायऱ्यांची लाट ठरलेलीच. नव्या लिनक्समध्ये ही निवड क्लॉकचा पालक बदलून करता येते, हातानं बिट ढवळावे लागत नाहीत. ज्यांनी जुना बीएसपी (बोर्डासोबत आलेलं सॉफ्टवेअर) धरून ठेवलाय त्यांनी बूटलोडर आणि कर्नल, दोन्ही ठिकाणी बघावं. एकात बरोबर, दुसऱ्यात चूक असला प्रकार शोधायला सगळ्यात जास्त वेळ खातो.

एसटीएम ३२ एफ ४०७ हा मायक्रोकंट्रोलर वापरणारी व्हीटीयूच्या (कर्नाटकातलं तंत्रविद्यापीठ) कॉलेजांतली मुलं पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. आरएमआयआय निवडणारा बिट मॅकचं क्लॉक चालू करण्याआधी, मॅक रीसेटमध्ये असतानाच लावायचा. दुसरी, या मॅकला बाहेरचं ५० मेगाहर्ट्झ मिळालं नाही तर त्याचा सॉफ्टवेअर रीसेट बिट एकाचा शून्य होतच नाही आणि प्रोग्रॅम तिथंच गोल गोल फिरत राहतो. स्विच रीसेटमध्ये धरून ठेवलीय आणि मॅक आधी सुरू करताय, असा क्रम असेल तर हेच होणार. आधी स्विच मोकळी करा. ब्रेडबोर्डावर वीस सेंटिमीटरच्या जंपर वायरींनी ५० मेगाहर्ट्झ जोडायला जाऊ नका हे वेगळं सांगायला नको, तरी दरवर्षी सांगावं लागतं. डेटा क्लॉकच्या काठाआधी ४ नॅनोसेकंद स्थिर हवा, काठानंतर २. बारा वायरींच्या जुडग्यात हा हिशेब टिकत नाही.

डेटाच्या पिना. मॅकला मॅक जोडतोय, म्हणजे टीएक्स-आरएक्स उलटे करायला हवेत, असं डोकं सांगतं. इथं उलटे करू नका. या चिपनं तिसऱ्या पोर्टाच्या पिनांची नावं फायच्या नजरेतून ठेवलीत: एसएमटीएक्सडी ही इनपुट आहे, एसएमआरएक्सडी आउटपुट. प्रोसेसरचा टीएक्सडी सरळ एसएमटीएक्सडीला, आरएक्सडी एसएमआरएक्सडीला, टीएक्स-इनेबल एसएमटीएक्सईएनला. दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर नावं उलट असू शकतात. म्हणून नाव वाचायचं नाही, पिनांच्या तक्त्यात इनपुट की आउटपुट लिहिलंय तो रकाना वाचायचा.

आता स्ट्रॅप पिना, म्हणजे पॉवर येताना ज्यांची पातळी वाचून चिप आपला मोड ठरवते त्या, आणि इथं थोडं जवळून बघू. चिपशी बोलायचे चार मार्ग: ईईप्रॉममधून स्वतः वाचणं, आय-टू-सी, एसपीआय आणि एसएमआय. यातला कुठला हे पॉवर येताना पी-२-एलईडी-१ आणि पी-२-एलईडी-० या दोन पिनांवर काय आहे त्यावर ठरतं. दोन्हींना आत पुल-अप आहे, म्हणजे मोकळ्या सोडल्या तर एसएमआय. नाव ऐकून वाटतं ही आपली नेहमीची, फायशी बोलायची एमडीआयओ. वायरी त्याच दोन, पण नेहमीच्या एमडीआयओत वाचनाचा संकेत एक-शून्य आणि लेखनाचा शून्य-एक असतो. ही चिप एसएमआयमध्ये दोन्हींसाठी शून्य-शून्य मागते आणि वाचायचं की लिहायचं ते पत्त्याच्या जागेतल्या बिटातून ओळखते. प्रोसेसरचा तयार एमडीआयओ हार्डवेअर सहसा असं वाचन करू शकत नाही. त्यासाठी दोन जीपीआयओ पिना हलवून सॉफ्टवेअरनं ते घडवावं लागतं. लिनक्समध्ये त्याची सोय आहे, जीपीआयओ-एमडीआयओच्या ड्रायव्हरला एमडीआयओ-एसएमआय-शून्य असं वेगळं नाव द्यायचं. चालतं. पण बोर्ड छापून आल्यावर हे कळलं आणि वायरी मॅकच्या ठरलेल्या पिनांवर असल्या, तर कपाळावर हात.

म्हणून एसपीआय घ्या. त्यासाठी एलईडी-१ वर ओढायची, एलईडी-० खाली. आणि इथंच ती बारीक चूक होते. डिझाइनर एलईडी-० च्या पिनेवर हिरवा-लाल दिवाही लावतो, कारण पिनेचं नावच एलईडी. दिवा ३.३ व्होल्टापासून ३३० ओहममधून पिनेकडे. खाली ओढायला १ किलोओहम. लाल दिव्यावर साधारण १.८ व्होल्ट पडतात, उरले दीड. ते ३३० आणि १००० मध्ये वाटले की पिनेवर येतात १.१ व्होल्टाच्या आसपास. ना शून्य, ना एक. थंडीत सकाळी बोर्ड एसपीआयत उठतो, दुपारी शेड तापली की एसएमआयत. दिव्याचा इतका सोस असेल तर दुसऱ्या पिनेवर लावा, एलईडी-० वर फक्त पुल-डाउन.

रीसेट: पुरवठा स्थिर झाल्यावर निदान १० मिलिसेकंद रीसेट खाली धरायचा, सोडल्यावर १०० मायक्रोसेकंद थांबून मग पहिलं रजिस्टर वाचायचं. एसपीआयचं क्लॉक सुरुवातीला १ मेगाहर्ट्झ ठेवा, मोड ३. लिनक्सचा ड्रायव्हर स्वतःही तोच मोड लावतो. वाचनाचा आदेश ०३, मग पत्त्याचा एक बाइट, मग उत्तर. रजिस्टर शून्यमधून हेक्समध्ये ८८ यायला हवं, आणि रजिस्टर एकच्या वरच्या चार बिटांत ३. एफएफ किंवा ०० आलं तर चिप मेली असं लगेच समजू नका. स्ट्रॅप बघा, मग रीसेट, मग वायरी. बाजारातून सुटी चिप घेतली असेल तर बोर्डावर चढवल्याबरोबर हीच पहिली परीक्षा. वरची छपाई घासून पुन्हा छापलेला माल इथंच पकडला जातो.

तिसरी जागा, लिंक. हिच्यात लोक सर्वांत जास्त फसतात, कारण सगळं चालू असल्यासारखं दिसतं. चिपमधल्या दोन फाय साध्या एमडीआयओवर १ आणि २ या पत्त्यांवर उत्तर देतात. प्रोसेसरचा ड्रायव्हर बस चाळतो, पत्ता १ वर फाय सापडते, तो खूश होऊन तिलाच आपली फाय मानतो. आता पहिल्या जॅकची केबल काढली की प्रोसेसर म्हणतो लिंक गेली आणि पाठवणं बंद करतो, दुसऱ्या जॅकवर केबल धडधाकट असली तरी. त्याहून वाईट म्हणजे पहिल्या जॅकवर एखादं जुनं, १० मेगाबिटचं यंत्र जोडलं की मॅकही १० वर उतरतो. प्रोसेसर आणि स्विचमधली आरएमआयआय मात्र १०० वरच असते. संवाद संपला. फिल्डवर तक्रार येते ती अशी: "पहिल्या जॅकची केबल हलवली की आपलं कार्ड ऑफलाइन जातं, दुसऱ्या जॅकची हलवली तर नाही."

उपाय डिव्हाइस ट्रीमध्ये दोन ओळींचा. मॅकच्या नोडमधून फायचा उल्लेख काढून टाकायचा आणि फिक्स्ड-लिंक लिहायचं: वेग १००, फुल डुप्लेक्स. प्रोसेसर आणि स्विचमधला हा रस्ता कधी तुटत नाही, कधी मंदावत नाही, त्याला वाटाघाटी करायला लावायच्याच नाहीत. जॅकची लिंक आली-गेली हे विचारायचं असेल तर ते स्विचला विचारायचं.

तुम्हाला फक्त दोन जॅक आणि एक आयपी पत्ता हवा असेल तर इथं काम संपलं. चिप मुकाट्यानं स्विचिंग करत राहील, कुठलाही ड्रायव्हर नको. बेळगावच्या शॉपफ्लोअरवरच्या बहुतेक कार्डांना एवढंच पुरतं, आणि उगाच जास्त करू नये असं आमचं मत.

कुठल्या जॅकवरून फ्रेम आली हे कळायला हवं, जॅकची लिंक वेगवेगळी दिसायला हवी, रिंग करायची असेल, तर मात्र लिनक्समधली डीएसए नावाची, स्विचचा प्रत्येक जॅक वेगळा इंटरफेस म्हणून दाखवणारी व्यवस्था लागते. स्विचचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्येच आहे. स्विचच्या नोडखाली तीन पोर्ट लिहायचे, क्रमांक ०, १ आणि २; त्यातला २ हा प्रोसेसरकडचा, त्याला मॅकच्या नोडचा दाखला, आरएमआयआय आणि पुन्हा फिक्स्ड-लिंक. म्हणजे फिक्स्ड-लिंक दोन्ही टोकांना लिहायचं. एकाच टोकाला लिहून दुसरं विसरलं तर ड्रायव्हर उठत नाही किंवा उठून गप्प बसतो. मग लॅन-१, लॅन-२ असे दोन इंटरफेस दिसतात. दोन्ही एका ब्रिजमध्ये टाका आणि आयपी पत्ता ब्रिजला द्या. ईटीएच-शून्यला, म्हणजे प्रोसेसरच्या मॅकच्या इंटरफेसला, पत्ता दिला तर पिंग जाणार नाही. तो आता फक्त पाइप आहे.

फ्रेम कुठल्या पोर्टाची हे सांगण्यासाठी चिप फ्रेमच्या शेवटी, सीआरसीच्या (चूक पकडणाऱ्या बाइटांच्या) आधी, एक बाइट जोडते. याला टेल टॅग म्हणतात. लिनक्समध्ये हे आपोआप होतं. एसटीएम ३२ वर एलडब्ल्यूआयपी या छोट्या नेटवर्क सॉफ्टवेअरसोबत हातानं लिहिणाऱ्यांनी एक क्रम पाळावा: आधी फ्रेम ६० बाइटपर्यंत शून्यांनी भरायची, मग टॅगचा बाइट. उलट केलं तर काय होतं? एआरपीची फ्रेम ४२ बाइटांची, टॅग लावून ४३, आणि मग मॅक स्वतःच पुढं शून्यं भरतो. शेवटचा बाइट शून्य झाला, आणि टॅगमध्ये शून्याचा अर्थ आहे पत्ता बघून नेहमीसारखं पाठव. तुम्ही पोर्ट २ मागितला होता, फ्रेम दोन्हीकडे गेली. मोठ्या फ्रेम मात्र बरोबर जातात, म्हणून चूक कुठं ते लवकर कळत नाही. मॅकचं हार्डवेअर चेकसमही टॅग लावताना बंद ठेवा, नाहीतर टॅगचा बाइटही बेरजेत धरला जातो.

तपासणीला आयपर्फ, म्हणजे नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम. एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्याला कार्ड. टीसीपीवर ९४ मेगाबिटच्या आसपास आकडा यायला हवा, त्याहून जास्त शंभराच्या लिंकवर मिळतच नाही. ९४ च्या जागी ६०-७० आला आणि पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांचा आकडा चढत असेल तर ईथटूलनं पोर्टाचे मोजमाप काढा. जॅकच्या पोर्टावर सीआरसी किंवा सिम्बॉल चुका वाढत असतील तर केबल, जॅक किंवा व्हीएफडीचा आवाज. जॅकवर शून्य आणि फक्त प्रोसेसरच्या बाजूला चुका असतील तर ५० मेगाहर्ट्झचे ट्रेस. हा फरक कळला की अर्धा दिवस वाचतो.

सुट्या भागांबद्दल. आयसेट पिनेवर ११.८ किलोओहम, एक टक्क्याचा रेझिस्टर जमिनीला लावायचा असतो. फायच्या आउटपुटची ताकद त्यावर ठरते. गावातल्या दुकानात रेझिस्टर आणि रजिस्टर दोन्हीला रजिस्टरच म्हणतात, ते असो, पण ११.८ मागितला की १२ हातात ठेवतात. १२ नको. एक टक्क्याचे १० किलो आणि १.८ किलो ओळीनं लावा, बेरीज बरोबर ११.८ होते. गाभ्याला लागणारे १.८ व्होल्ट चिप ३.३ मधून स्वतः बनवते, ते तिच्याच अॅनालॉग पिनांना फेराइट बीडमधून फिरवून द्यायचे. कपॅसिटर पिनेला चिकटून, बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला नव्हे.

४८ पायांची चौकोनी चिप, पाय बाहेर आलेले, दोन पायांत अर्धा मिलिमीटर. पोटाखाली लपलेले पाय नाहीत हा मोठा फायदा. फ्लक्स, बारीक टोक आणि भिंग असलं की हातानं बसते, हॉट एअरनं निघते. मोबाइल दुरुस्त करणारा कुणीही सरावलेला कारागीर ती बदलू शकतो. आणि बदलावी लागते, कारण फाय चिपच्या पोटातच असल्यानं एक जॅक जळला की अख्खी स्विच गेली.

जळण्याबद्दल आपल्या भागात बोलावंच लागतं. चिक्कोडी-संकेश्वरकडच्या साखर कारखान्यांत ऊसकाट्याच्या केबिनपासून ऑफिसपर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल टाकलेली असते. एप्रिल-मेच्या वळवात जवळपास वीज कोसळली की दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि तो या केबलीतून वाट काढतो. जॅकमधला ट्रान्सफॉर्मर साधारण १५०० व्होल्टांपर्यंत अडवतो, विजेपुढे ते काहीच नाही. एका शेडच्या आत तांबं ठीक. इमारत ओलांडायची असेल तर फायबर, मग ती एफएलएल चिपनं घ्या नाहीतर मीडिया कन्व्हर्टरनं. सर्ज अरेस्टर लावून तांबंच वापरू असं म्हणणाऱ्यांनी दोन-चार जास्तीच्या चिपा ड्रॉवरमध्ये ठेवाव्यात.

माळेची दुसरी दुखरी जागा वीज. हेस्कॉमची लाइट गेली तर सगळंच बंद, ते वेगळं. पण शिफ्ट संपली की ऑपरेटर आपल्या मशीनचा मेन खाली ओढून घरी जातो, आणि कार्डाला वीज त्याच मशीनच्या २४ व्होल्टांतून असेल तर त्याच्या पुढच्या सगळ्या मशीन अंधारात. स्विचमध्ये वीज नसताना दोन जॅक आपोआप जोडले जात नाहीत. म्हणून कार्डांना वेगळी २४ व्होल्टांची सामाईक लाइन फिरवा, एका चांगल्या पॉवर सप्लायवरून, जमल्यास बॅटरीसह. वीस कार्डांचा भार फार नसतो, वायर मात्र लांबीच्या हिशेबानं जाड घ्या.

शेवटच्या कार्डापासून परत ऑफिसच्या स्विचला केबल आणून रिंग करता येते. मग एक कार्ड मेलं तरी बाकीचे दुसऱ्या बाजूनं पोचतात. दोन मेली तर मधली तुटतात. पण वर सांगितलेल्या मुक्या, ड्रायव्हरविना चालणाऱ्या जोडणीत रिंग कधीही करू नका. ब्रॉडकास्ट फ्रेम फिरत राहते आणि काही क्षणांत सगळं नेटवर्क गुदमरतं. डीएसए लावा, ब्रिजवर एसटीपी (रिंगमधला एक रस्ता बंद ठेवून फ्रेम गोल फिरू न देणारी पद्धत) चालू करा. ती लिनक्समध्ये मुळात बंद असते. रस्ता बदलायला साधी एसटीपी १५ आणि १५ असे निदान ३० सेकंद घेते. उत्पादन मोजणाऱ्या कार्डाला अर्धा मिनिट परवडतो.

ज्याला परवडत नाही त्यानं ही चिप घेऊच नये. प्रत्येक कार्डावर फ्रेम पूर्ण आत घेऊन मगच पुढे सोडली जाते. १५१८ बाइटांची मोठी फ्रेम शंभर मेगाबिटला सुमारे १२२ मायक्रोसेकंद खाते. वीस कार्डं ओलांडायला जवळपास अडीच मिलिसेकंद, रांग लागली तर वर आणखी. मोजणीला, पीएलसीच्या साध्या वाचनाला चालेल. सर्वो अक्ष एकमेकांशी जुळवायला नाही. इथरकॅटसाठी तर अजिबात नाही, तिथं फ्रेम धावता धावताच वाचली जाते आणि त्यासाठी वेगळी चिप लागते. मशीनची घड्याळं मायक्रोसेकंदात जुळवायची असतील तर याच घराण्यातली ८५६३ बघा; तीही तीन पोर्टांची, शंभर मेगाबिटची, पण तिच्यात १५८८ ची वेळजुळणी आहे. कॅमेरे जोडायचे असतील तर गिगाबिट आणि आरजीएमआयआय आलं, १२५ मेगाहर्ट्झ, क्लॉकच्या दोन्ही काठांवर डेटा, आणि क्लॉक दीड ते दोन नॅनोसेकंद मागं ढकलायचं काम प्रोसेसर करणार, स्विच करणार की ट्रेसची लांबी, हा नवा तंटा. तिथं दोघांनीही उशीर लावला किंवा कुणीच लावला नाही, तर लिंक गिगाबिटवर उठते, पॅकेट एकही पोचत नाही, आणि वेग शंभरवर उतरवला की सगळं सुरळीत चालतं.

मागवताना एक करा: आरएलएल लिहिलंय ना ते बघून दहा कार्डांना बारा चिपा, २५ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल सोबतच, आणि १.८ किलोचे एक टक्क्याचे रेझिस्टर त्याच पार्सलमध्ये.